घरातल्या खेळांची दाखल नोंदवही

लेबलवर ठळक आकडा असतो : ‘९९९९९९९ इन १’. एका कोटीला एक कमी. खाली उडी मारणारा मारिओ, त्याच्या शेजारी कॉन्ट्राचे दोन बंदूकधारी सैनिक, कोपऱ्यात कुणी कराटेवाला. कॅसेट बसवून टीव्ही लावला की खेळांची यादी येते आणि बाण कितीही खाली नेला तरी ती संपत नाही. पण वही-पेन घेऊन बसावं, एकेक क्रमांक उघडून पाहावा, आत काय निघतं ते लिहीत जावं. पहिलं पान भरायच्या आतच खरा हिशेब कळतो. वेगळे म्हणावेत असे खेळ मोजकेच असतात. पुढे तेच परत येतात. कुठे मारिओ पहिल्याऐवजी चौथ्या जगातून सुरू होतो, कुठे रंग बदललेले असतात, कुठे जास्तीचे जीव दिलेले असतात आणि नाव भलतंच असतं. लेबलवरचा कॉन्ट्रा तर बहुतेक वेळा आत नसतोच.

नव्वदीच्या दशकात परभणीत, जिंतूरला, गंगाखेडला, सेलूला ज्या घरांत व्हिडिओ गेम आला, त्यातल्या बहुतेक घरांत अशी एक तरी कॅसेट होती. त्या कॅसेटी आज माळ्यावर आहेत, लोखंडी पेटीत आहेत, काही भंगारात गेल्या. त्यांत नेमकं काय होतं, कुठून आल्या, किती दिवस चालल्या, याची नोंद कुणाकडे नाही. अमेरिकेत आणि जपानमध्ये अधिकृतपणे विकल्या गेलेल्या जवळजवळ प्रत्येक कॅसेटचा क्रमांक, तारीख आणि किंमत आज घरबसल्या सापडते. आपण जे खेळलो ते त्या याद्यांत जवळजवळ नाहीच. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे : ज्याच्या घरात दहा खेळ आहेत त्यानं दहाची आणि ज्याच्याकडे पाचशे आहेत त्यानं पाचशेची नोंदवही ठेवावी. ती हौस म्हणून सुरू झाली तरी चालेल, पण ती गावाच्या इतिहासाचा कागद आहे हे ओळखून ठेवावी.

इथवर आल्या कशा?

निन्टेन्डो कंपनीनं जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम नावाचं यंत्र बाजारात आणलं. मासायुकी उएमुरा हे त्याचे प्रमुख रचनाकार. या यंत्राच्या कॅसेटला ६० पिना होत्या. हेच यंत्र पुढे अमेरिकेत गेलं तेव्हा कॅसेटचा आकार बदलला, पिना ७२ झाल्या आणि आत एक कुलूप-चिप बसवली गेली. कंपनीची परवानगी नसलेली कॅसेट त्या यंत्रात चालू नये, यासाठी ती व्यवस्था होती. जपानी फॅमिकॉममध्ये असं कुलूप नव्हतं. त्यामुळे तैवानमध्ये आणि पुढे चीनमध्ये त्याच्या नकला सहज तयार झाल्या. या नकला स्वस्त होत्या आणि सगळ्या ६० पिनांच्या कॅसेटी चालवत.

आपल्याकडे तेव्हा परदेशी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर संख्येचे निर्बंध होते. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली होत गेली, तरी या वस्तूंवरचे शेवटचे निर्बंध उठायला १ एप्रिल २००१ उजाडला. मधल्या दहा वर्षांत मध्यमवर्गीय घरांत पोचलं ते नकलेचं यंत्र. ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशी नावं त्या खोक्यांवर असत. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केट, हैदराबादेत कोठीचा बाजार, असे त्याचे मोठे अड्डे. परभणीला दोन्हीकडून माल यायचा. मनमाड–काचीगुडा मार्गावरच्या या जंक्शनाला मुंबई जितकी रेल्वेनं जोडलेली, तितकंच हैदराबादही. शिवाय १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे सोयरीक आणि व्यापार त्या बाजूचा जुनाच. कुणाचे मामा सिकंदराबादेहून येताना यंत्र घेऊन यायचे, कुणी औरंगाबादेहून आणायचं, कुणी जत्रेतल्या दुकानातून. ज्यांच्या घरी विकत घेणं शक्य नव्हतं ते तासाच्या हिशेबानं पैसे देऊन दुसरीकडे खेळायचे.

टीव्हीच्या अँटेनाच्या जागी वायर खोचायची, चॅनेलची चकती फिरवत राहायचं आणि मुंग्या जाऊन चित्र स्थिर होईपर्यंत सगळ्यांनी श्वास धरायचा. बिघाड झाला तर टीव्ही दुरुस्त करणाराच हेही दुरुस्त करायचा. पावती मिळायची नाही, हमीपत्र मिळायचं नाही. एवढा मोठा बाजार कागदाशिवाय चालला आणि कागदाशिवायच संपला. त्यामुळे आज त्याचा शोध घ्यायचा तर पुरावे दोनच उरतात : ती वस्तू, आणि ती वापरलेल्या माणसांच्या आठवणी.

एक कॅसेट उघडून पाहू

पिवळ्या प्लास्टिकची एक कॅसेट घेऊ. मागचा स्क्रू काढला की दोन पाखं वेगळी होतात. आत तळहाताएवढी हिरवी पट्टी असेल असं वाटतं, पण ती बरीच लहान असते. तिच्या खालच्या कडेला ६० सोनेरी पिना, पुढे ३० आणि मागे ३०. जपानी मूळ कॅसेटमध्ये इथे व्यवस्थित पाय असलेल्या, क्रमांक छापलेल्या चिपा दिसतात. या कॅसेटमध्ये त्या जागी दोन काळे, घट्ट, चकचकीत थेंब असतात. स्वस्तात बनवायचं म्हणून सिलिकॉनचा उघडा तुकडा थेट पट्टीवर चिकटवतात आणि त्यावर काळं रेझिन ओततात, ते हे थेंब. त्यावर नाव नाही, तारीख नाही, कारखाना नाही. बनवणाऱ्याचा माग इथेच तुटतो.

आत कोणते खेळ असणार, हेही त्या पट्टीच्या रचनेवरून ठरतं. फॅमिकॉमचा प्रोसेसर कॅसेटमधला ३२ किलोबाइटचाच प्रोग्राम एका वेळी पाहू शकतो. त्याहून मोठ्या खेळाला कॅसेटमध्ये जास्तीची मेमरी आणि ती पाळीपाळीनं समोर आणणारी खास चिप लागते. ‘इन १’ कॅसेटी स्वस्त ठेवायच्या असल्यानं त्यांत ३२ किलोबाइटच्या मर्यादेत बसणारे जुने, छोटे खेळच ओळीनं भरले गेले. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ चित्रांसकट ४० किलोबाइटचा, पण त्याचा प्रोग्राम ३२मध्ये बसतो. ‘बॅटल सिटी’, म्हणजे ज्याला आपण सगळे टँक म्हणायचो तो, २४चा. ‘गॅलेक्सियन’, ‘एक्साइटबाइक’, ‘आइस क्लायंबर’, ‘डक हंट’, ‘सर्कस चार्ली’ हे सगळे याच पिढीचे, १९८४ ते १९८६ या दोन-तीन वर्षांतले. कॉन्ट्राचा प्रोग्राम १२८ किलोबाइटचा. तो या पट्टीत मावत नाही, म्हणून त्याची वेगळी, महाग कॅसेट घ्यावी लागायची. एका अख्ख्या पिढीनं १९९५ साली १९८५चे खेळ का खेळले, याचं उत्तर या पट्टीत आहे.

हे सगळं नोंदवहीत कसं उतरवायचं? लेबलवरचं नाव जसंच्या तसं लिहायचं. लेबलचे आणि उघडलेल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे. मेनूत दिसणारी नावं क्रमानं लिहायची, आणि प्रत्येकापुढे मूळ खेळ कोणता ते. ‘टँक १९९०’ असं नाव दिसलं तर ती ‘बॅटल सिटी’त केलेली फेरफार आहे असं शेऱ्यात टाकायचं. माझी बहीण दिवाळीला आली होती तेव्हा तिच्या लेकानं ही यादी लिहायचं काम अंगावर घेतलं. चाळिसाव्या क्रमांकावर तो थांबला आणि म्हणाला, “मामा, हा तर सातव्यासारखाच आहे की. फक्त आकाश काळं केलंय.” मी म्हटलं, “मग तसंच लिही. ‘सातप्रमाणे, आकाश काळं.’” त्यानं तसंच लिहिलं. कुठल्याही संशोधकाला यापेक्षा नेमकी नोंद नको असते.

वहीचे रकाने

नोंदवहीचा नमुना शोधायला लांब जावं लागत नाही. परभणीच्या गणेश वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात पुस्तक आलं की ते आधी दाखल नोंदवहीत चढतं आणि मगच फळीवर जातं. दाखल क्रमांक, तारीख, नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, कुठून आलं, किंमत, शेरा. हा आराखडा पिढ्यान्‌पिढ्या टिकला, कारण त्यातला प्रत्येक रकाना पुढे कधीतरी उपयोगी पडतो. खेळांसाठीही तो जवळजवळ तसाच वापरता येतो.

पहिला रकाना दाखल क्रमांकाचा. तो वस्तूला मिळतो, खेळाला मिळत नाही. एकाच खेळाच्या दोन प्रती असतील तर दोन क्रमांक. दिलेला क्रमांक वस्तू गेली तरी दुसऱ्या कशाला द्यायचा नाही. तो कॅसेटवर पेननं लिहू नये, चिकटपट्टीनं लेबलवर लावू नये. आम्लरहित कागदाच्या पाकिटावर किंवा प्लास्टिकच्या पिशवीत चिठ्ठी टाकून लिहावा.

दुसरा रकाना यंत्राचा. ‘फिफा’ म्हटलं तर कुठल्या वर्षाचा आणि कुठल्या यंत्रावरचा, हे लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. तिसरा, वस्तूवर छापलेला कंपनीचा क्रमांक. जपानी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या कॅसेटवर ‘एचव्हीसी-एसएम’ असं असतं. भारतात अधिकृतपणे विकल्या गेलेल्या प्लेस्टेशन टूच्या डिस्कवर बहुधा ‘एसएलईएस’ किंवा ‘एससीईएस’ने सुरू होणारा क्रमांक सापडतो, कारण आपल्याकडे युरोपची पाल पद्धतीची आवृत्ती यायची. नाव सारखं असलं तरी या क्रमांकावरून आवृत्ती ओळखता येते.

चौथा रकाना मला सगळ्यांत मोलाचा वाटतो : कुठून आलं, कुणाकडून आलं, केव्हा. इथे आठवण चालते. ‘दहावीच्या सुट्टीत, तपोवन एक्स्प्रेसने मुंबईहून येताना काकांनी आणला’ असं लिहिलं तरी ती नोंदच. तारीख नक्की नसेल तर ‘सुमारे’ लिहावं. याच रकान्यासाठी एक गोष्ट जपायला हवी. प्लेस्टेशन थ्री किंवा फोरच्या आयात केलेल्या डिस्कच्या मागे छोटा पांढरा स्टिकर असतो. २०११च्या वैधमापन नियमांनुसार आयात केलेल्या पाकीटबंद वस्तूवर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. हा स्टिकर अनेकदा बारकोडवर चिकटवलेला असतो, म्हणून लोक तो नखानं खरवडून काढतात. तो खेळ भारतात कधी आला, कुणी आणला आणि केवढ्याला विकला, हे सांगणारा तो एकमेव छापील पुरावा आहे. तो राहू द्यावा आणि त्याचा फोटो नोंदीला जोडावा.

पुढचा रकाना अवस्थेचा. मराठवाड्यात याला फार महत्त्व आहे. मे महिन्यात परभणीचा पारा ४४ अंशांपलीकडे जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. पावसाळ्यात हवेत ओल. पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं, पिनांवर काळपट थर बसतो, रिमोटमधलं रबर चिकट होतं. काही कॅसेटींमध्ये खेळ कुठवर आला ते जपून ठेवण्यासाठी छोटी गोल बॅटरी असते. ती संपली की जपलेला खेळ जातो, आणि गळली तर पट्टीही जाते. म्हणून बॅटरी आहे का आणि कधी बदलली, ते लिहावं. पिना फुंकर मारून साफ करायची सवय आपल्या सगळ्यांना होती. फुंकरीतल्या ओलीनं धातू गंजतो. कानकाडीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावं आणि पुसल्याची तारीख टाकावी.

शेवटचे दोन रकाने व्यवहाराचे : ‘कुणाकडे गेला’ आणि ‘परत आला’. घरातल्या संग्रहाचा निम्मा भाग उसनवारीत हरवतो. तारीख आणि नाव लिहिलं की मागताना संकोच वाटत नाही आणि देणाऱ्या-घेणाऱ्याचं नातंही टिकतं.

वही कागदाची असावी की संगणकावरची, हा प्रश्न हमखास येतो. दोन्ही असाव्यात. संगणकावरच्या तक्त्यात शोध लागतो, क्रम लावता येतो आणि बाजारात उभं राहून मोबाइलवर पाहता येतं. तीच डिस्क दुसऱ्यांदा विकत घेणं टळतं. १९९९मध्ये सुरू झालेल्या मोबीगेम्स या संकेतस्थळावर जगभरच्या हौशी लोकांनी लाखो खेळांची माहिती भरली आहे. बारकोड दाखवला की नाव-वर्ष आपोआप भरणारी ॲप्सही आहेत. त्यांचा उपयोग जरूर करावा. पण आपली मूळ नोंद अशा साध्या फाइलमध्ये असावी जी कुठल्याही संगणकावर उघडेल. ॲप बंद पडलं तर नोंदी घेऊन बाहेर पडता आलं पाहिजे. आणि वर्षातून एकदा त्या फाइलची छपाई काढून कपाटात ठेवावी.

सीडीचा काळ

२०००नंतर खेळ कॅसेटीतून संगणकावर आले. शाळा सुटली की सायबर कॅफेत गर्दी व्हायची. ‘व्हाइस सिटी’, ‘आयजीआय’, ‘काउंटर-स्ट्राइक’, ‘रोड रॅश’, ‘मोस्ट वाँटेड’. घरच्या संगणकासाठी मार्करनं नाव लिहिलेल्या सीडी हातोहात फिरायच्या. चिप बसवलेल्या प्लेस्टेशन टूसाठी नकली डीव्हीडी मिळायच्या. लोडशेडिंगची वेळ पाहून खेळायला बसावं लागायचं, कारण मध्येच दिवे गेले तर सगळं पहिल्यापासून.

या काळाची नोंद कॅसेटींच्या काळापेक्षा अवघड आहे. घरी लिहिलेल्या सीडीत माहिती एका रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर उष्णतेनं, उन्हानं खराब होतो. वीस वर्षांपूर्वीच्या अनेक सीडी आज वाचता येत नाहीत. वर नाव असतं ‘गेम्स ३’ किंवा ‘नवीन कार’. अशा सीडी आधी उघडून पाहाव्यात, आतल्या फाइलींची यादी काढावी आणि मग बाकीच्या कामाला लागावं.

यातलं सगळ्यांत बोलकं उदाहरण ‘क्रिकेट ०७’चं. इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स कंपनीनं २००६च्या अखेरीस तो काढला आणि त्यानंतर क्रिकेटचा असा खेळ पुन्हा काढला नाही. आपल्या पोरांनी तो थांबू दिला नाही. दरवर्षी नवे संघ, नवे पोशाख, आयपीएलचे खेळाडू, नवी मैदानं घालणारे पॅच हौशी मंडळी तयार करत राहिली. त्यामुळे ‘क्रिकेट ०७’ असं नुसतं लिहिणं अपुरं. कोणत्या वर्षाचा पॅच, कुणी बनवला, कोणत्या फाइली बदलल्या, हे लिहिलं तर एका गावातल्या मुलांनी कोणता संघ घेऊन कोणती आयपीएल खेळली, ते पुढे कळेल. ही माहिती खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या दप्तरात कधीच येणार नाही.

नकली प्रतींचं काय? त्या वहीत लिहाव्यात का? लिहाव्यात, आणि ‘नकली’ असं स्वच्छ लिहावं. विकत घेतलेल्या प्रोग्रामची खबरदारीची प्रत ठेवण्याची मुभा १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५२व्या कलमात आहे. नकली प्रत विकण्याची किंवा वाटण्याची मुभा कुठेच नाही. पण काय घडलं याची नोंद ठेवणं हा गुन्हा नाही. त्या काळात परभणीत खेळ कसे पोचले, ते खरेपणानं लिहायचं तर हा भाग वगळून चालणार नाही.

त्याच वेळी आपल्या मातीतले अधिकृत खेळही या काळात आले. २००९मध्ये प्लेस्टेशन टूसाठी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ निघाला, तो हैदराबादच्या कंपनीनं बनवलेला. त्याच सुमाराला ‘देसी अड्डा’ आला, त्यात कबड्डी आणि गिल्ली-दांडू होते. पुढे २०२०मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ जगभर पोचला. यांच्या डिस्का ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या खोक्यासकट, आतल्या पुस्तिकेसकट सांभाळाव्यात.

विकत घेतला की भाड्यानं मिळाला?

आता खेळ हातात येतच नाही. पैसे भरले की तो यंत्रात उतरतो. तो आपला झाला असं वाटतं, पण करारात लिहिलेलं असतं की आपण परवाना घेतला आहे. २०२४मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं कायदा केला : डिजिटल वस्तू विकताना ‘खरेदी’ असा शब्द वापरायचा तर ग्राहकाला हा परवाना आहे हे स्पष्ट सांगावं लागेल. १ जानेवारी २०२५पासून तो लागू झाला. स्टीम या खेळांच्या मोठ्या डिजिटल दुकानानं त्याआधीच पैसे भरायच्या पानावर तशी सूचना द्यायला सुरुवात केली. स्टीमचं खातं करारानुसार दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणजे बापानं वीस वर्षं जमवलेले खेळ लेकाला वारशानं मिळतील याची हमी नाही.

दुकानं बंदही होतात. निन्टेन्डोनं थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांवरची विक्री २७ मार्च २०२३ रोजी थांबवली. एक्सबॉक्स ३६०चं दुकान जुलै २०२४मध्ये बंद झालं. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांनाही तो खेळता येईना. त्यातून रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. युरोपात तिच्या मागणीवरच्या सह्यांनी २०२५च्या जुलैत दहा लाखांचा टप्पा ओलांडला. निन्टेन्डोच्या नव्या स्विच टू यंत्रासाठी ‘गेम-की कार्ड’ निघाली आहेत. ती खोक्यात मिळतात, पण कार्डात खेळ नसतो, उतरवून घेण्याची किल्ली असते.

म्हणून आजच्या वहीला तीन रकाने वाढवावे लागतात. हा खेळ कशावर आहे : कॅसेट, डिस्क, किल्ली की नुसतं खातं? इंटरनेटशिवाय चालतो का? आणि कुणाच्या खात्यावर, कोणत्या ईमेलवर घेतला आहे? पासवर्ड वहीत लिहू नये, पण खातं कोणतं ते घरातल्या एका विश्वासू माणसाला माहीत असावं.

परभणीतल्या बहुतेक लेकरांचा संग्रह मात्र फोनमध्ये आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी होता. २ जुलै २०२१ला त्याची भारतीय आवृत्ती आली, जुलै २०२२मध्ये ती दुकानांतून काढली गेली आणि मे २०२३मध्ये परत आली. या तीन वर्षांत गल्लीगल्लीत पोरांच्या टोळ्या जमल्या, मोडल्या, पुन्हा जमल्या. त्यांनी केव्हा काय खेळलं, याचा एकही अवशेष फोन बदलल्यावर उरत नाही. फोनवरच्या खेळाचं नाव, आवृत्ती, सुरू केल्याची आणि बंद पडल्याची तारीख आणि एक-दोन स्क्रीनशॉट एवढं ठेवलं तरी पुष्कळ.

नोंदीनं काय मिळतं?

गिनीज बुकात सगळ्यांत मोठ्या व्हिडिओ गेम संग्रहाचा विक्रम टेक्सासच्या अँटोनियो रोमेरो मोंटेइरो यांच्या नावावर लागला, तो २०,१३९ खेळांचा. त्याआधी एकदा हा विक्रम मायकेल थॉमसन यांच्या नावावर होता, दहा हजारांवर खेळांचा. तो संग्रह २०१४मध्ये लिलावात साडेसात लाख डॉलरवर गेला. विक्रम लागायचा तर एकेक वस्तू मोजून, तपासून लिहावी लागते. नोंद नसलेल्या ढिगाला हा मान मिळत नाही.

पण खरा मोबदला पैशांत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं जुलै २०२३मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१०च्या आधी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात अधिकृतपणे मिळतच नाहीत, असं त्यात दिसलं. जगात टोकियोत गेम जपणारी संस्था आहे, बर्लिनला आणि टेक्सासला खास संग्रहालय आहे, तरीही ही गत. आपल्याकडे १९५४च्या कायद्यानं प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीतल्या ग्रंथालयांना द्यावी लागते. त्यामुळे परभणीत छापलेला कवितासंग्रहही कुठेतरी सरकारी फळीवर उरतो. खेळांसाठी असा कायदा नाही. पुण्यात बनलेला खेळ असो की हैदराबादेत, तो जपण्याचं बंधन कुणावर नाही. तोवर हे काम घरांनाच करावं लागेल.

नोंदवहीचा आणखी एक फायदा खेळणाऱ्याला स्वतःला होतो. ‘खेळून पुरा झाला का’ असा रकाना ठेवला की सूट पाहून घेतलेले आणि कधीच न उघडलेले खेळ डोळ्यांसमोर येतात. कोणता खेळ पुरा करायला साधारण किती तास लागतात, ते सांगणारी संकेतस्थळंही आहेत. ते तास शेजारी लिहिले की नवा खेळ घ्यायच्या आधी हात थांबतो, आणि आधी जे आहे ते खेळावंसं वाटतं. घरखर्चालाही ते बरं आणि खेळालाही. खेळ खेळण्यासाठीच असतो; कपाटात बंद राहून त्याचं काहीच होत नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत दरवर्षी या कॅसेटी, तुटके रिमोट आणि सीडीचे डबे भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातात. यंदा जे वाचलं असेल ते बाहेर काढावं. भाऊबीजेला बहिणी माहेरी येतात, पुण्या-मुंबईला गेलेले भाऊ घरी असतात, मामा-मावश्या जमतात. तेव्हा ती पेटी मधोमध ठेवून एकानं वही धरावी. कोणती कॅसेट कुणी आणली, कुणाच्या हातून हरवली, टँकमध्ये कोण कुठली बाजू राखायचं, हे त्या चार-पाच जणांखेरीज जगात कुणालाच माहीत नाही, आणि ते सगळे एकाच घरात एकाच दिवशी वर्षातून एकदाच असतात. वेगवेगळ्या आठवणी निघाल्या तर दोन्ही लिहाव्यात, आणि कुणी काय सांगितलं ते नावासकट. पहिल्या दिवशी पंचवीस नोंदी झाल्या तरी पुरेत. तेवढ्या नोंदी परभणीच्या दहा घरांत झाल्या, तर मराठवाड्यातल्या लेकरांनी काय खेळलं याचा पहिला लिखित दस्तऐवज आपल्या हातात येईल, आणि तो आपणच लिहिलेला असेल.